शहरी मद्यालयांतील कॉकटेल-संस्कृती : मुंबई आणि गोवा यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मद्यपान हा मराठी वैचारिक लेखनात प्रामुख्याने व्यसनाचा, कौटुंबिक विनाशाचा आणि दारूबंदीच्या चळवळीचा विषय राहिला आहे. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील ‘आर्य मदिरा मंडळ’ हे मराठी साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध मद्यपी मंडळ होय, आणि ते उपहासाचा विषय म्हणूनच रंगविलेले आहे. या परंपरेमागे सबळ सामाजिक कारणे आहेत. तथापि गेल्या सुमारे दीड दशकात मुंबई, पुणे, पणजी, बंगळूर, दिल्ली यांसारख्या शहरांत मद्यालयांचे स्वरूप ज्या रीतीने बदलले, त्याचा विचार केवळ व्यसन या एका कोटीत बसत नाही. पेयपत्रिकेवर कोकम, तिरफळ, कढीपत्ता, जांभूळ आणि मोहाचे फूल यांची नावे दिसू लागली आहेत. ज्या पेयाला कालपर्यंत ‘गावठी’ म्हणून हिणवले जाई, ते काचेच्या नाजूक पेल्यातून काही शे रुपयांना विकले जाते. हा बदल रुचीचा आहे, तसाच तो कायद्याचा, कररचनेचा आणि प्रतिष्ठेच्या वाटपाचाही आहे.

‘कॉकटेल’ या शब्दाची एक जुनी छापील व्याख्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथून निघणाऱ्या एका नियतकालिकात १८०६ साली आढळते. कोणतेही ऊर्ध्वपातित मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल, असा तिचा आशय आहे. पुढे १८६२ मध्ये जेरी टॉमस या अमेरिकन मद्यवाढप्याने मिश्रपेयांच्या कृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि या कलेला लिखित शास्त्राचे रूप आले. म्हणून कॉकटेल ही अमेरिकेची देणगी मानली जाते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण मिश्रपेयांची त्याहून जुनी एक शाखा भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी जोडलेली आहे, याची जाणीव फारशी आढळत नाही.

पाच द्रव्यांचे पेय

सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या पत्रव्यवहारात ‘पंच’ नावाचे पेय अवतरते. या शब्दाचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना उल्लेख १६३२ च्या एका पत्रातील आहे. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तेथील इंग्रजांच्या वखारीत हे पेय पाहिले. शिवकाळात मुंबई-सुरतेकडे वावरलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने तर या नावाची फोडच दिली आहे : ‘पंच’ म्हणजे पाच, आणि पेयातील घटकही पाच. मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला असे हे पाच घटक मानले जातात. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. पिंपासाठी असलेल्या एका इंग्रजी शब्दाकडे बोट दाखविणारे अभ्यासकही आहेत, आणि जुन्या कृतींत घटकांची संख्या नेहमी पाचच असते असेही नाही. परंतु हे पेय आशियातील वखारींतून जहाजांमार्फत इंग्लंडला गेले, याविषयी विशेष मतभेद नाहीत.

त्याचे कारणही व्यावहारिक होते. दूरच्या सागरी प्रवासात बिअर व द्राक्षमद्य नासत असे. वखारीत मात्र ताडाच्या रसापासून किंवा उसापासून काढलेली ‘अराक’ सहज मिळे. ती उग्र असल्याने लिंबू, साखर आणि जायफळ घालून सौम्य केली जाई. आंबट, गोड, तिखट आणि मादक यांचा हा तोल आजही बहुसंख्य कॉकटेलांचा पाया आहे. पन्हे किंवा लिंबाचे सरबत करणाऱ्या घराला हा तोल वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरे उदाहरण ‘जिन अँड टॉनिक’चे. हिवतापावर गुणकारी असलेल्या क्विनीनचा कडूपणा सुसह्य करण्यासाठी साखर व सोडायुक्त पाणी वापरण्याची युक्ती निघाली. टॉनिक वॉटरचे पेटंट लंडनमध्ये १८५८ साली घेतले गेले, आणि हिंदुस्थानातील गोऱ्या साहेबांच्या क्लबात हे पेय रुळले. बर्फाची कथाही याच काळातील आहे. १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेले बर्फाचे जहाज कलकत्त्यास पोहोचले आणि त्यानंतर मुंबईतही आयात बर्फ मिळू लागला. थंड पेला ही त्या काळी श्रीमंतीची खूण होती. आज ती खूण बर्फाच्या पारदर्शकतेवर सरकली आहे. त्याचा विचार पुढे येईल.

अबकारी, दारूबंदी आणि परमिट रूम

मुंबईच्या मद्यालयांचा इतिहास अबकारी कायद्यांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा कष्टकरी ताडी-माडी आणि मोहाची दारू पीत असे. ताडी-माडी काढणे हा कोकणातील भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय, तर मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून शहरास पुरविली जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारी मक्तेदारीची पकड बसविली. त्यानंतर १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ही फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आले. मोह हे आदिवासींचे अन्नही आहे. फुले वाळवून, शिजवून, भाकरीत मिसळून खाल्ली जातात आणि टंचाईच्या महिन्यांत तीच आधार ठरतात. जंगलात आपोआप पडणारे फूल वेचणे हा गुन्हा होऊ शकतो, ही कल्पना या कायद्यानेच रूढ केली. त्याचा हेतू व्यसनमुक्तीपेक्षा महसूल सुरक्षित ठेवण्याचा होता, हे उघड आहे.

स्वातंत्र्यलढ्यात दारूबंदी हा काँग्रेसच्या कार्यक्रमाचा भाग होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. तत्कालीन आरोग्य व अबकारी मंत्री डॉ. मंचेरशा गिल्डर यांनी तिचा पुरस्कार केला. मद्यव्यवसायात मोठी गुंतवणूक असलेल्या पारशी समाजातून तिला कडाडून विरोध झाला, आणि विशेष म्हणजे डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर ही बंदी फार काळ टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ आला. त्यास दिलेल्या आव्हानावर सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात निर्णय देऊन कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्व या कायद्याच्या पाठीशी होते.

हाच कायदा, नावात ‘महाराष्ट्र’ हा बदल होऊन, आजही लागू आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक मद्यालय तांत्रिकदृष्ट्या दारूबंदीच्या कायद्याखाली मिळालेल्या सवलतीवर चालते. मद्य पिणाऱ्याजवळही परवाना असावा लागतो. एका दिवसाचा परवाना अवघ्या ५ रुपयांना मिळतो, आणि या परवान्यामागील मूळ कल्पना प्रकृतिस्वास्थ्यासाठी मद्य लागणाऱ्या व्यक्तीची आहे. बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी २१ आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. साठच्या दशकात, वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत बंदी शिथिल होत गेली आणि ‘परमिट रूम’ हा खास महाराष्ट्रीय शब्द जन्माला आला. बाहेरच्या व्यक्तीला या शब्दाचा अर्थ समजावून सांगताना निम्मा इतिहास सांगावा लागतो.

कडक बंदीच्या काळात शहर कोरडे नव्हतेच. नवसागर घालून केलेली हातभट्टी सर्वत्र मिळत होती आणि गिरगाव, माझगाव, वांद्रे या भागांतील ख्रिस्ती वस्त्यांत घरगुती ‘आंटीचे अड्डे’ चालत. एक टेबल, दोन बाके, उकडलेले अंडे किंवा चणे, आणि पोलिसांची चाहूल. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात जे चोरटे गुत्ते चालले, त्यांचे अनुकरण म्हणून आज भारतीय शहरांत पुस्तकांच्या कपाटामागे किंवा टेलिफोनच्या पेटीआड दार लपविलेली मद्यालये निघतात. मुंबईला वस्तुतः अशी आयात करण्याची गरज नव्हती. तिच्याजवळ स्वतःचे गुप्त गुत्ते होते. पण त्यांच्या दारिद्र्यामुळे ते कोणाला अनुकरणीय वाटले नाहीत.

परमिट रूममध्ये कॉकटेलला स्थान नव्हते. तेथील एकक पेग. लहान ३० मिलिलिटर, मोठा ६० मिलिलिटर. त्यासोबत सोडा किंवा पाणी, आणि चकणा. मिश्रपेये मिळत ती पंचतारांकित हॉटेलांत. ताजमहाल हॉटेलमधील ‘हार्बर बार’ १९३३ पासूनचा असून मुंबईतील पहिला परवाना आपलाच, असा त्याचा दावा आहे. अशी मोजकी ठिकाणे वगळता, उरलेल्या शहराला कॉकटेल ही हिंदी चित्रपटातील खलनायकाच्या घरची वस्तू होती.

गिरणीच्या आवारातील नवे मद्यालय

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओस पडले, आणि पुढील तीन दशकांत लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये, मॉल व उपाहारगृहे उभी राहिली. २०१५ च्या आरंभी कमला मिल्सच्या आवारात ‘द बॉम्बे कँटीन’ सुरू झाले. फ्लॉइड कार्डोझ हे मुंबईत जन्मलेले व न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेले पाककलाकार त्याच्या संस्थापकांपैकी होते. २०२० मध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. भारतीय प्रादेशिक पदार्थ आणि त्यांना साजेशी, भारतीय घटकांची कॉकटेले हे या ठिकाणाचे सूत्र. तोपर्यंत उच्चभ्रू उपाहारगृहात भारतीय चव म्हणजे ताटातील गोष्ट होती. पेल्यात मात्र पाश्चात्त्य नमुनाच चाले. ही विभागणी मोडण्यात या उपाहारगृहाचा वाटा मोठा आहे.

ज्या आवारात कामगार भोंग्याच्या तालावर ये-जा करीत आणि खानावळीत महिन्याच्या हिशोबाने जेवत, तेथेच त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले आज वाढप्याचे काम करतात. या जागांच्या घाईघाईच्या रूपांतराची किंमतही मोजावी लागली : २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री याच आवारातील गच्चीवरच्या मद्यालयांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर गच्चीवरील बांधकामे आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांची चर्चा काही महिने झाली.

नव्या मद्यालयांना देशी कच्चा माल मिळाला तो प्रामुख्याने जिनमुळे. जिन हे मूलतः जुनिपरच्या फळांनी सुगंधित केलेले तटस्थ मद्य आहे. व्हिस्कीप्रमाणे ते लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरवावे लागत नाही. त्यामुळे लहान उद्योजकाला ते परवडते आणि त्यात कोणतीही वनस्पती घालण्यास मुभा असते. २०१७ मध्ये ‘ग्रेटर दॅन’, त्यानंतर हिमालयातील जुनिपर वापरणारी ‘हपुसा’, आणि २०१८ मध्ये ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ या जिन गोव्यातून बाजारात आल्या. गोव्यातील अबकारी करांचा तुलनेने हलका भार आणि पर्यटकांची वर्दळ या गोष्टी या केंद्रीकरणामागे आहेत. ‘हपुषा’ हे जुनिपरचे आयुर्वेदातील नाव. एका मद्याने विस्मृतीत गेलेला संस्कृत शब्द बाटलीवर आणावा, ही गंमतच म्हणावी लागेल.

प्रतिष्ठेचे दुसरे माध्यम म्हणजे क्रमवारी. ‘आशियातील ५० सर्वोत्तम बार’ या यादीत २०२२ मध्ये दक्षिण गोव्यातील ‘तेसोरो’ने चौथे स्थान मिळविले, तर दिल्लीच्या ‘साइडकार’ने त्याच वर्षी जागतिक यादीत २६ वे. अशा याद्या मतदानाने ठरतात आणि त्यांत प्रसिद्धीचा भाग मोठा असतो. परंतु भारतीय मद्यवाढप्याला कारागीर म्हणून ओळख मिळण्यास त्या कारणीभूत झाल्या, हेही खरे.

पेल्यामागील शास्त्र

नव्या कॉकटेल-संस्कृतीचा सर्वांत रोचक भाग तिच्या तंत्रात आहे, आणि आश्चर्य असे की यातील बरीच तंत्रे स्वयंपाकघराला अपरिचित नाहीत.

‘निवळलेला दुधी पंच’ हा सध्या विशेष लोकप्रिय असलेला प्रकार पाहावा. मद्य, चहा, मसाले आणि लिंबूरस यांचे मिश्रण दुधात ओतले की दूध नासते. दुधातील केसीन हे प्रथिन आम्लांक ४.६ च्या आसपास येताच गोठते. साखळदोर सैल पडलेल्या गाठोड्यासारखे ते स्वतःभोवतीचे कण गोळा करीत खाली बसते. चहातील व मद्यातील तुरट द्रव्ये या प्रथिनाला चिकटतात, रंगाचाही बराच अंश तेथेच अडकतो. दह्याचा तो थर हाच गाळणीचे काम करतो. मिश्रण त्यातून पुन्हा पुन्हा गाळले की स्फटिकासारखे स्वच्छ पेय उतरते. त्याचा उग्रपणा गेलेला असतो, जिभेला एक मऊपणा जाणवतो, आणि ते महिनोन्‌महिने टिकते. ही कृती इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात आहे. छेना करताना जी क्रिया घडते तीच येथे घडते. फरक इतकाच की छेना करणारी गृहिणी पाणी फेकून घन भाग ठेवते आणि मद्यवाढपी घन भाग फेकून पाणी ठेवतो. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घालण्याची जुनी रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तत्त्वाची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

‘स्निग्ध-धावन’ हे दुसरे तंत्र. न्यूयॉर्कमधील एका मद्यालयात २००७ च्या सुमारास डुकराच्या मांसाची चरबी व्हिस्कीत मिसळून त्याचा प्रयोग गाजला. तत्त्व सोपे आहे : सुगंधी द्रव्यांपैकी अनेक मद्यार्कात विरघळतात, चरबी विरघळत नाही. पातळ केलेली चरबी मद्यात ढवळून काही तास ठेवायची आणि मग ते भांडे शीतकपाटात गोठवायचे. चरबीचा थर वर घट्ट होतो, तो काढून टाकला की मद्यात केवळ गंध उरतो. भारतात या प्रयोगाला साजूक तूप आणि खोबरेल तेल मिळाले.

बर्फाविषयी सामान्य ग्राहकाचा समज असा की, बर्फ जास्त म्हणजे मद्य कमी. वस्तुतः कॉकटेलमध्ये बर्फ थंडाव्याइतकाच पाण्यासाठी घातला जातो. जोराने हलवलेल्या किंवा ढवळलेल्या पेयात अखेरीस एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भाग वितळलेल्या बर्फाचा असू शकतो, आणि ते पाणी नसेल तर पेय घशाला बोचते. लहान, ओल्या तुकड्यांचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ते लवकर वितळतात व पेय पांचट करतात. एकसंध मोठा तुकडा हळू वितळतो. पाणी एकाच दिशेने गोठविले, तर हवेचे बुडबुडे व क्षार शेवटच्या थराकडे ढकलले जातात आणि तो थर कापून टाकला की काचेसारखा बर्फ मिळतो. यासाठी विजेवर होणारा खर्च ग्राहकाच्या देयकात असतोच. पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या शहरात बर्फाचा धुरकट भाग कापून फेकला जातो, याकडेही लक्ष गेले पाहिजे.

घटकांच्या बाबतीत सर्व प्रयोग सारखेच यशस्वी झालेले नाहीत. कोकम हा उत्तम घटक ठरला, कारण त्याचे आम्ल लिंबापेक्षा वेगळे व खोल आहे आणि त्याला स्वतःचा रंग आहे. तिरफळाचा जिभेला झिणझिण्या आणणारा गुण जिनच्या सुगंधाशी जुळतो. उलटपक्षी पाणीपुरी, वडापाव आणि फिल्टर कॉफी यांची नावे धारण करणारी अनेक पेये ही केवळ नावापुरतीच भारतीय असतात. मडक्यात किंवा कटिंगच्या पेल्यात दिल्याने पेय देशी होत नाही.

फेणी, हुर्राक आणि मोह

काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले, आणि बोंडापासून मद्य काढण्याची कला गोव्यात सिद्ध झाली. उन्हाळ्यात गळून पडलेली पक्की बोंडे ‘कोळंबी’ नावाच्या खडकातील किंवा बांधीव कुंडात पायांनी तुडवितात. वजनाखाली आपसूक ठिबकणारा स्वच्छ रस तो ‘नीरो’. उरलेला रस काही दिवस आंबवून भट्टीवर चढवितात. पहिल्या उताऱ्याचे सौम्य मद्य म्हणजे हुर्राक. ते मार्च ते मे एवढ्याच काळात मिळते आणि फार टिकत नाही. हुर्राकाचे पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते. तिचे मद्यार्काचे प्रचलित प्रमाण ४२.८ टक्के आहे. माडाच्या माडीपासूनची फेणी त्याहून जुनी.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा-मद्याचा दर्जा दिला. त्यापूर्वी ती कायद्याच्या दृष्टीने ‘देशी दारू’च होती. टकीला आणि मेझ्काल यांना मेक्सिकोबाहेर जी प्रतिष्ठा लाभली, ती फेणीला मिळावी असा उत्पादकांचा प्रयत्न आहे. अडचण तिच्या उग्र गंधाची सांगितली जाते. हा आक्षेप तपासून पाहण्यासारखा आहे. स्कॉटलंडच्या बेटांवरील धुराचा व आयोडिनचा वास असलेली व्हिस्की ज्या ग्राहकाला ‘गुंतागुंतीची’ वाटते, त्यालाच फेणीचा वास सहन होत नाही. येथे नाकापेक्षा संस्कारच अधिक बोलतो.

गोव्याची सीमा ओलांडली की चित्र बदलते. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले या तालुक्यांत तीच झाडे, तीच माती आणि बऱ्याच अंशी तीच भाषा आहे. परंतु बी काढून घेतल्यावर बोंडे मोठ्या प्रमाणावर कुजून जातात. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये काजूबोंडे, मोहाफुले अशा स्थानिक फळा-फुलांपासूनच्या मद्याबाबत धोरण स्वीकारले, त्यात अशा मद्याचा वर्ग ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ असा करण्यात आला. कोकणातील बोंडाला आणि गडचिरोलीच्या फुलाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी विदेशी व्हावे लागले. उसाच्या मळीपासून केलेली व्हिस्कीही भारतात ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ म्हणूनच विकली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या वर्गीकरणाचे नवल वाटणार नाही. ‘देशी’ हा शब्द येथे उगमाचा नसून ग्राहकाच्या ऐपतीचा वाचक आहे.

मोहाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून मान्यता देऊन अलीराजपूर व दिंडोरी या आदिवासी भागांत बचत गटांमार्फत उत्पादन सुरू केले. खासगी क्षेत्रातही मोहाचे बाटलीबंद मद्य आले असून शहरी कॉकटेलांत ते वापरले जाते. फुलाला स्वाभाविक गोडी आहे, गंध मनुका व ओल्या मातीच्या जवळ जाणारा आहे, आणि लिंबू किंवा आल्याशी त्याचे उत्तम जमते. परंतु मोहफुलाचा प्रदेश असलेल्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती स्थानिक लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनातून आलेली आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली व २०२१ मध्ये उठली. म्हणून ‘आदिवासींचे पेय आता मुक्त झाले’ असे शहरी पेयपत्रिकेवर लिहिणे अपुरे ठरते. फूल वेचणाऱ्या स्त्रीला किलोमागे काय मिळते, परवाना कोणाच्या नावावर आहे, आणि तिच्या घरात उकळणारे भांडे अद्याप गुन्हा आहे काय, या प्रश्नांची उत्तरे त्या पेल्यात नसतात.

वाढपी, स्त्रिया आणि दर

मद्यालयात काम करणाऱ्या स्त्रीविषयीचा कायदा दीर्घकाळ संशयावर उभा होता. दिल्लीत लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याच्या ३० व्या कलमानुसार मद्य दिल्या जाणाऱ्या जागी स्त्रियांना नोकरी देण्यास मनाई होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरविले. संरक्षणाच्या नावाखाली उपजीविका हिरावून घेता येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख आहे. महाराष्ट्रात मात्र त्याच सुमारास डान्सबारचा वाद चालू होता. २००५ ची बंदी २००६ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तोवर हजारो स्त्रियांचा रोजगार गेला होता. मुंबईत शतभी बसू यांनी ऐंशीच्या दशकात काउंटरमागे उभे राहून या व्यवसायाची वाट मोकळी केली आणि पुढे मद्यवाढप्यांसाठी प्रशिक्षणसंस्था काढली. आज स्त्रिया मुख्य मद्यवाढपी आहेत. तथापि काउंटरमागील स्त्रीचा गौरव करणारा ग्राहक आणि टेबलाशी वाढणाऱ्या स्त्रीकडे वेगळ्या नजरेने पाहणारा ग्राहक, पुष्कळदा एकच असतो.

दरांचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे एकाच टेबलावरील जेवणाला व मद्यविरहित पेयाला केंद्र-राज्यांचा हा कर लागतो, तर कॉकटेलला राज्याचा मूल्यवर्धित कर. मद्यालयांना सरबते व फळांचे रस खरेदी करताना भरलेल्या कराची वजावट कॉकटेलच्या विक्रीपोटी मिळत नाही. महाराष्ट्रात परमिट रूममधील मूल्यवर्धित कर ५ वरून १० टक्क्यांवर नेण्यात आला. २०२५ मध्ये परवाना शुल्क व उत्पादन शुल्कातही वाढ झाली, आणि १४ जुलै २०२५ रोजी राज्यातील परमिट रूम चालकांनी निषेध म्हणून व्यवसाय बंद ठेवला. मोठ्या मद्यालयाने हा भार दरात मिसळला. रिक्षाचालक, कारकून आणि गुमास्ते ज्याचे ग्राहक आहेत, त्या कोपऱ्यावरच्या परमिट रूमला ते शक्य होत नाही. तेथील ग्राहक वाइन शॉपमधून क्वार्टर घेऊन रस्त्याच्या कडेला जातो, आणि त्याखालच्या पायरीवरचा हातभट्टीकडे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉल हे त्याचे कारण होते. लोअर परळमध्ये कॉकटेलचे नवे पर्व सुरू झाले ते याच वर्षी.

अलीकडे मद्यविरहित किंवा अल्पमद्य पेयांचा प्रघात वाढत आहे. ‘मॉकटेल’ म्हणजे रंगीत साखरपाणी, ही जुनी ओळख मागे पडत असून आंबवलेला चहा, शिर्क्यातील फळे, सोलकढी, ताक व ताजी नीरा यांवर आधारित पेये कॉकटेलइतक्याच काळजीने तयार केली जातात. कॉकटेलच्या निमित्ताने शिकलेले तंत्र मद्यावाचूनही चालते, हे त्यातून स्पष्ट झाले आहे. दुसरीकडे, महाराष्ट्रातील स्त्रियांच्या हाती अद्याप एक कायदेशीर साधन आहे : गावातील किंवा प्रभागातील स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ला मत दिले, तर तेथील मद्यविक्री बंद करावी लागते. या मतपत्रिकेवर बाटलीचे फक्त चित्र असते. ती फेणीची, मोहाची की जिनची, हे त्यात विचारलेले नसते.